मोठे मालक पीत नव्हते

दाढीला बसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तोंडाला फेस, मान मागे, डोळे छताकडे आणि गळ्यावर दुसऱ्याच्या हातातला वस्तरा. अशा अवस्थेत भलाभला माणूस "हूं" यापलीकडे काही बोलत नाही. छोट्या मालकांना हे धंद्याच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, पण त्याचा फायदा उठवावा असं कधी त्यांच्या मनात आलं नव्हतं. गिऱ्हाइकाशी त्यांची बोलण्याची मजल फार तर हवापाणी आणि महागाई इथवर. मनात आलं ते ताईच्या आजारपणात, आणि एकदा आलं ते काही केल्या जाईना.

छोटे मालक हे नाव ऐकून कोणी गैरसमज करून घेऊ नये. मालकी दोन खुर्च्यांच्या केशकर्तनालयाची, त्यातली एक खुर्ची कायम रिकामी. वय पन्नाशीच्या पुढे, आणि दिवसभर लोकांचे केस कापणाऱ्या या गृहस्थांच्या स्वतःच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. पण वडील होते तेव्हा ते मोठे मालक, म्हणून हे छोटे. आणि वडील जाऊन इतकी वर्षं झाली तरी गिऱ्हाइकांनी त्यांना काही बढती दिली नव्हती.

दुकानाच्या वर राहायच्या दोन खोल्या. तिथे ते आणि त्यांची थोरली बहीण. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. का राहिली हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. ताईचं काम म्हणजे दुकानाचे टॉवेल. मोठ्या पातेल्यात ते उकळायचे, गच्चीवर वाळवायचे आणि घड्या घालून खाली पाठवायचे. तिची घडी अशी असे की टॉवेलची एकही कड बाहेर दिसायची नाही. ती घडी आप्पांनी, म्हणजे मोठ्या मालकांनी, तिला लहानपणी शिकवली होती.

त्याच गच्चीच्या जिन्यात ताईला एकदा धाप लागली आणि ती मध्येच पायरीवर बसली. मग तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप कामातून गेली आहे, ती बदलायला हवी, आणि फार थांबता येणार नाही. खर्चाचा आकडा छोट्या मालकांनी त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावला, जणू दुसऱ्यांदा तो कमी होणार होता.

मार्ग सुचवला तो हॉस्पिटलातल्याच एका बाईंनी. लोकांकडून मदत गोळा करून देणारी एक संस्था होती. फोनवर आजारी माणसाच्या नावाचं पान उघडायचं, फोटो टाकायचा, हकिकत लिहायची, आणि ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यायचं. पानावर एक निळी पट्टी असते, पैसे येतील तशी ती पुढे सरकते. ती भरली की ऑपरेशन. ताईने फोटोला आधी साफ नकार दिला, मग टॉवेल वाळत घालताना पाठमोरा काढू दिला. जेवायला बसल्यावर म्हणाली,

"मागायचं तर मागू. पण सरळ माग. रडगाणं गाऊ नकोस."

छोट्या मालकांनी मान डोलावली. तेव्हा ती त्यांनी मनापासून डोलावली होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं, कारण यापुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही नाही.

सरळ मागून पट्टी हलेना. गिऱ्हाइकाला फोन दाखवायचा म्हणजे मालकांना घाम फुटे. दाढी आटोपून माणूस निघायच्या घाईत असला की हे हळूच विषय काढत. लोक "अरेरे" म्हणत, "बघतो" म्हणत, आणि बघत नसत. संस्थेतली एक मुलगी अधूनमधून फोन करी. गोड बोलणारी, कामाची पोर होती. काका, अजून काही सांगता येईल का, लोकांना जरा जवळचं वाटायला हवं, असं ती म्हणे. आता काय सांगणार? बहीण आहे, झडप बिघडली आहे, पैसे नाहीत. संपली हकिकत.

मग एके दिवशी कंत्राटदार दाढीला आला. गल्लीच्या टोकाला त्याचं बांधकाम चाललं होतं. मोठ्या आवाजाचा आणि हाताचा सैल माणूस. त्याला लाल खुर्चीत बसवून छोट्या मालकांनी वस्तरा गळ्याखाली आणला आणि, का कोण जाणे, नेमकी तेव्हाच ताईची गोष्ट काढली. कंत्राटदाराने सगळी ऐकून घेतली. न ऐकून जातो कुठे! वस्तरा पुसायला हात बाजूला झाला तेव्हा त्याने आरशातूनच विचारलं,

"मालक, इतक्या वर्षांचं दुकान तुमचं. घरात माणसं दोन. मग पैसा गेला कुठे?"

प्रश्नात खोट काही नव्हती. देणारा माणूस विचारणारच. पण छोट्या मालकांचा हात जिथल्या तिथे राहिला, कारण पैसा जिथे गेला होता त्यावरच कंत्राटदार बसला होता.

आप्पांनी आयुष्यभर थोडं थोडं बाजूला टाकलं होतं. जाताना दोघांना जवळ बसवून म्हणाले होते, हे दुखण्याखुपण्याला. पुढे कोपऱ्यावर काचेचं चकचकीत सलून उघडलं आणि गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली. घाबरलेला माणूस करतो तेच छोट्या मालकांनी केलं, हाताला लागलं ते सगळं एका फटक्यात खर्चून टाकलं. भिंतभर आरसे, छतात दिवे, आणि पायाने दांडा दाबला की वर जाणारी, मागे कलणारी लाल खुर्ची. ताई म्हणाली होती, जरा विचार कर. विचार त्यांनी केला, पण खुर्ची आल्यावर. वळलेली गिऱ्हाइकं वळलेलीच राहिली. वर्षभरात खुर्चीतलं तेल गळू लागलं, आणि तेव्हापासून दाढीला उंच बसलेला माणूस दाढी संपेपर्यंत सावकाश, त्याचं त्यालाही न कळता, खाली येई.

हे सांगायचं कंत्राटदाराला? की बहिणीची झडप ज्यातून झाली असती ते पैसे मी शोभेला घातले, आणि ती शोभाही गळकी निघाली? छोट्या मालकांनी आरशात पाहिलं. त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे बघत होता. त्या चेहऱ्याने तोंड उघडलं आणि म्हटलं,

"वडील प्यायचे."

कंत्राटदाराने डोळे मिटून मान हलवली. सगळं समजल्यासारखी. अंगावरचा कपडा न काढताच त्याने खिशातून फोन काढला, आणि देताना हात आखडता घेतला नाही. निळी पट्टी मालकांच्या डोळ्यांदेखत सरकली.

आप्पांनी उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. शेवटच्या काळात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता, तो नसांच्या आजाराने. पहिल्यांदा थरथरला तेव्हा समोर फेस लावलेलं गिऱ्हाईक बसलं होतं. आप्पांनी त्याची माफी मागितली, वस्तरा मिटून मुलाच्या हातात दिला, आणि पुन्हा कधी कोणाच्या गळ्याला लावला नाही. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यानंतर मरेपर्यंत ते दुकानातल्या बाकावर बसून गिऱ्हाइकांना टॉवेल देत राहिले, आणि त्यातही त्यांना कमीपणा वाटला नाही. अशा माणसाला त्याच्या मुलाने, त्याच्याच पैशाच्या खुर्चीशेजारी उभं राहून, दारुडा करून टाकलं.

लगेच संस्थेतल्या मुलीचा फोन आला. कंत्राटदाराने पानाखाली चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्या तिने वाचल्या होत्या. हे मला आधी का नाही सांगितलंत, असं ती लाडाने रागावली. ताईंनी काय काय सोसलं असेल, हे लोकांना कळायला नको का? छोटे मालक म्हणाले, तेवढं नका लिहू. पण अशा आवाजात म्हणाले की ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ लिहा असाच घ्यावा. तिने लिहिलं.

पट्टी धावायला लागली. आणि मालकांचा हात बसला. दाढीचा पहिला, सुलटा हात फिरवताना ताईची धाप सांगायची. दुसरा, उलटा हात, म्हणजे वस्तरा गळ्याखालून वर येताना, वडील काढायचे. मग जरा गप्प राहायचं, तुरटी फिरवायची, आणि फोन आरशापाशी उभा करून ठेवायचा. पुढे पुढे आप्पांच्या पिण्याला तपशील फुटू लागले. रिकामा गल्ला आला, फुटलेली भांडी आली, दाराआड थरथरत उभी असलेली लहानगी ताई आली. एकदा तर सांगता सांगता क्षणभर मालकांनाच वाटलं, असं खरंच झालं असावं. शरम वाटत नव्हती असं नाही. रात्री दुकान बंद करताना वाटायची. पण पट्टी पाहिली की तीही निवायची.

एका माणसाला मात्र त्यांनी ही गोष्ट सांगितली नव्हती, तेवढी छाती झाली नव्हती. ते टपालवाले काका. गल्लीत जन्मभर पत्रं वाटून निवृत्त झालेले, आप्पांचे जुने दोस्त. आप्पा बाकावर टॉवेल घेऊन बसत तेव्हा काका शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसत, आणि दोघांत मिळून एका शब्दाचं बोलणं होत नसे. पण गोष्टीला सांगणाऱ्याची गरज असते ती सुरुवातीपुरती. काका दाढीला आले, खुर्चीत टेकले आणि फेस लावायच्या आधीच खिशातून घडी केलेलं पाकीट काढून त्यांनी आरशापाशी ठेवलं.

"फोनवरचं मला जमत नाही. हे ताईसाठी." मग आपल्या हातांकडे बघत ते म्हणाले, "मोठ्याचं कळलं. आता आठवतं. हात थरथरायचा त्याचा. मी खुळा इतकी वर्षं समजत होतो, दुखणं आहे."

जो माणूस सगळ्यात जवळून बघत होता, त्यानेही मानलं. नुसतं मानलं नाही, आपल्या जुन्या दोस्ताची आठवण बाहेर काढून या खोट्याच्या मापाने कापून घेतली. तेव्हा बोलता आलं असतं. एकच वाक्य पुरे होतं. छोटे मालक म्हणाले,

"मान जरा वर घ्या, काका."

आणि दाढी केली. पैसे घेतले नाहीत दाढीचे, तेवढंच.

पट्टी भरत आली, हॉस्पिटलने तारीख दिली. दाखल व्हायला आठवडा उरला असताना कंत्राटदाराची बायको ताईला भेटायला फळं घेऊन वर आली. मनाने फार चांगली बाई. ताईचा हात हातात घेऊन म्हणाली, अशा बापाच्या घरात दिवस काढलेत, धन्य तुमची. ताईने तिला चहा करून दिला, जिन्यापर्यंत पोचवलं, आणि ती गेल्यावर टॉवेलांची चळत उचलून स्वतः खाली निघाली. डॉक्टरांनी जिना बंद केला होता. ती दर दोन पायऱ्यांवर थांबत उतरली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताईने टॉवेल फळीवर ठेवले, भिंतीला हात टेकून श्वास गोळा केला आणि विचारलं,

"आप्पा प्यायचे?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं म्हणतात. छोट्या मालकांना तेवढंही वाटायला सवड मिळाली नाही. ते पुटपुटले, की सरळ मागून काही मिळत नव्हतं, लोक विचारत होते पैसा गेला कुठे, आणि तू... तू जिन्यात बसायचीस, ते बघवत नव्हतं.

"माझ्यावर ढकलू नकोस," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढण्याइतकी हवाच तिच्या छातीत नव्हती. "सगळ्यांना सांग की ते खोटं आहे. तोवर मी हॉस्पिटलात जाणार नाही."

ताईचा शब्द म्हणजे शब्द. छोट्या मालकांनी कामाला सुरुवात केली. येईल त्याला, फेस लावला की, सांगू लागले: माझे वडील पीत नव्हते बरं का, एक थेंबही नाही, ते जे पानावर आहे ते बरोबर नाही. आणि काय झालं? कोणी मानेना. गिऱ्हाइकं आरशातून त्यांच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघू लागली. कंत्राटदाराने तर कपड्याखालून हात काढून त्यांचा हात दाबला. मुलगा असावा तर असा, म्हणाला. इतकं भोगूनही बापाची अब्रू झाकतोय. संस्थेतल्या मुलीने समजुतीच्या सुरात सांगितलं, की असं पुष्कळ घरांत होतं काका, सांगून झाल्यावर माणसाला अवघड वाटतं. ती ओळ मी काढून टाकते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ओळ गेली. खाली लोकांनी लिहिलेली हळहळ तशीच राहिली, आणि तिच्यात मालकांच्या मोठ्या मनाची भर पडली. जी काय थोडी पट्टी रिकामी होती तीही या भरात भरून गेली.

टपालवाल्या काकांवर सारी भिस्त होती. ते तर साक्षीदार. पण काकांनी हात वर करून त्यांना बोलूच दिलं नाही. "राहू दे रे," म्हणाले. "बापाचं मुलाने झाकायचं असतं. मला समजतं."

छोटे मालक वर गेले आणि ताईसमोर बसले. सांगितलं म्हणाले, सगळ्यांना सांगितलं, पण कोणी विश्वासच ठेवत नाही, आता मी काय करू? बोलताना त्यांच्या आवाजात किंचित सुटकाही होती. प्रयत्न केला, जमलं नाही, विषय मिटला. ताई टॉवेलांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता तिने विचारलं,

"काय सांगितलंस? जसंच्या तसं सांग."

"हेच, की आप्पा पीत नव्हते."

"आणि प्यायचे असं कोण म्हणालं होतं, ते?"

छोट्या मालकांनी आपल्या पायांच्या बोटांकडे पाहिलं.

"म्हणजे 'मी खोटं बोललो' हे तू कोणाला म्हणालाच नाहीस," ताई म्हणाली. "खुर्चीचं?"

"ताई, तारीख चार दिवसांवर आलीय. हे सांगितलं तर लोक पैसे परत मागतील."

"मागू देत."

"आणि तू?"

ताईने हातातली घडी पुरी केली, कडा आत सारल्या. "मला जगायचंय," ती म्हणाली. "कोणाला नको असतं? पण तिथून उठून आले की रोज हेच टॉवेल धुणार ना मी. त्यांनी शिकवलेत ते."

तिला खरंच जगायचं होतं, हे मालकांनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं. त्यांना रडू आलं, आणि या रडण्याचा कोणाला दाखवून काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार आला. छोट्या मालकांनी त्याला फेस लावला नाही. वस्तरा हातात घेतला नाही. समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, की मी तुम्हाला फसवलं. वडिलांनी आजारपणासाठी पैसे ठेवले होते, त्याची मी ही खुर्ची आणि हे आरसे घेतले. ते सांगायची लाज वाटली म्हणून वडिलांवर ढकललं. या वेळी कंत्राटदाराचे डोळे ओले झाले नाहीत. त्याने खुर्चीच्या हातांकडे पाहिलं, मग मालकांकडे.

"खुर्चीपायी उडवले म्हणाला असतास, तर मी दिले असते का?" त्याने विचारलं. छोटे मालक एका क्षणात 'मालक'वरून 'तू' झाले होते. "नसते दिले. तुलाही माहीत होतं, म्हणून तर बोललास. आता परत मागितले तर उद्या माझंच नाव होईल, मरणाऱ्या बाईचे पैसे काढून घेतले म्हणून. राहू दे. पण मला तोंड दाखवू नकोस."

तो उठला आणि कोपऱ्यावरच्या काचेच्या सलूनकडे गेला. छोट्या मालकांनी संस्थेतल्या मुलीलाही तसंच सांगितलं. ती कोरड्या आवाजात म्हणाली, की आजार खरा आहे, कागद खरे आहेत, पैसे थेट हॉस्पिटलला जातात, तेव्हा ऑपरेशन थांबणार नाही. मात्र तुम्ही सांगितलंत ते तुमच्या नावाने पानावर टाकावं लागेल. टाका, म्हणाले. त्यानंतर तिने त्यांना काका म्हटलं नाही.

टपालवाले काका आले तेव्हा मालकांनी ठरवल्याप्रमाणे आधीच बोलायला हवं होतं. पण हात आपले ब्रशकडे गेले, फेस झाला, एक गाल झाला. खुर्ची नेहमीसारखी हळूहळू खाली येत होती. अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबला.

"काका, मी झाकत नाहीये. मी खोटं बोललो. पैसे मिळावेत म्हणून बोललो. आप्पांचा हात आजाराने थरथरायचा, तुम्हाला वाटत होतं तसाच."

काकांनी या वेळी ऐकलं. आरशातला त्यांचा अर्धा पांढरा चेहरा हलला नाही. ते बोलले, पण बोलले ते छोट्या मालकांशी नव्हतं.

"मी मानलं," ते म्हणाले. "बाजूला बसत होतो त्याच्या. आणि कोणी येऊन सांगितलं, तर मी मानलं."

त्यांनी अंगावरचा कपडा सोडला. छोटे मालक म्हणाले, दाढी तरी पुरी करू द्या. काकांनी मान हलवली, फळीवरचा टॉवेल उचलून गालाला लावला आणि तसेच, एका बाजूला फेस असलेल्या तोंडाने, भर रस्त्यात उतरले. येणारे जाणारे वळून बघत होते. एका मुलीने हसू दाबलं. काकांनी मान खाली घातली नव्हती. ती दारात उभ्या असलेल्या माणसाने घातली होती.

टॉवेल संध्याकाळी परत आला. कोणीतरी दाराच्या कडीत अडकवून गेलं होतं. धुतलेला, वाळलेला, घडी घातलेला, पण घडी भलतीच, चारही कडा बाहेर. छोट्या मालकांनी तो इतर टॉवेलांबरोबर वर नेला. ताईने चळतीतून तो एकच ओढून काढला.

"हा कोणी धुतला?"

"काकांनी. त्यांनाही सांगितलं, मी खोटं बोललो ते."

ताईने तो उलगडला, पुन्हा नीट घडी घातली आणि बाजूला ठेवला. "बॅग काढ वरून," ती म्हणाली. "माझे कपडे भरायचे आहेत."

ऑपरेशन चांगलं झालं. ताई आता गच्चीवर जाते, जिन्यात न थांबता जाते, आणि टॉवेल पूर्वीसारखे खाली येतात. भावाशी बोलते, जेवायला वाढते, खुर्चीचा विषय काढत नाही. छोटे मालक गिऱ्हाइकांना आप्पांच्या जुन्या लाकडी खुर्चीत बसवतात. लाल खुर्ची विकायला काढली होती, पण खाली बसणारी खुर्ची घेणार कोण? ती कोपऱ्यात रिकामी असते. गिऱ्हाइकं निम्मी झाली आहेत. जी येतात ती दाढीला बसली की डोळे मिटून घेतात आणि छोटे मालकही हवापाण्याच्या पुढे जात नाहीत.

टपालवाले काका दुकानावरून जातात, समोरच्या बाजूने. दाढी आता ते घरीच करतात. वय झालं, हात त्यांचाही थरथरतो, आणि त्यांच्या हनुवटीवर रोज कुठेतरी ताजं कापलेलं असतं. छोट्या मालकांना ते रस्त्याच्या या बाजूवरूनही दिसतं. ते तुरटी हातात घेऊन दारापर्यंत येतात, हाक मारायला तोंड उघडतात, आणि काका वळणावर दिसेनासे होईपर्यंत तसेच उभे राहतात.